चटईवरचा डबा

डेपोतली माणसं त्याला तोंडावर मुकादम म्हणायची आणि पाठीमागे थंडोबा. हे नाव त्याच्या कानावर आलं नव्हतं असं नाही. पण ज्याच्या हाताखाली पेट्रोल पिणारी बावीस मशीनं आणि विडीकाडीची सवय असलेली चौदा माणसं आहेत, त्यानं असल्या गोष्टी मनाला लावून घेतल्या तर झालंच कल्याण.

शहरातल्या बागा, मैदानं, रस्त्याच्या कडेचे पट्टे, दवाखान्यामागचा उतार, सगळीकडचं गवत कापायचं काम या डेपोकडे होतं. खांद्याला अडकवायची कटरं, ढकलत न्यायची मशीनं आणि एक बसून चालवायचं, ज्याच्यावर बसायला सगळेच टपलेले असत. टाकी संपली की मशीन बंद करायचं, आणि मुकादम येईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. तो यायचा तोही आपल्या चालीनं. आधी तळहात सायलेन्सरपासून वीतभर लांब धरायचा, मग जवळ न्यायचा, मग इंजिनाच्या अंगावर टेकवायचा. हात निवांत राहिला तरच "भरा" म्हणायचा. नाही राहिला तर पुन्हा पाच-सात मिनिटं सावलीत बसा.

"झालं, थंडोबांनी नाडी बघितली. पेशंटला अजून ताप आहे," टेम्पोचा ड्रायव्हर म्हणायचा, आणि माणसं खी खी करायची.

मुकादम हसायचा नाही, रागवायचाही नाही. त्याचे नियम ठरलेले. गाडीवर ठेवून मशीन भरायचं नाही, खाली जमिनीवर उतरवायचं. टाकी गळ्यापर्यंत भरायची नाही, दोन बोटं जागा सोडायची, पेट्रोलही उन्हात फुगतं. सांडलंच तर फडक्यानं पुसायचं, आणि मशीन तिथेच दोरी ओढून चालू करायचं नाही, दहा पावलं दुसरीकडे न्यायचं. ही दहा पावलं तो स्वतः मोजून दाखवायचा, तेही प्रत्येक नव्या माणसाला. सतरा वर्षांत त्याच्या हाताखाली कुणाचा केससुद्धा करपला नव्हता. बायको कधी म्हणाली, की अहो, लोक तुमची टिंगल करतात, तर तो म्हणायचा, "करू देत. टिंगल करायला जिवंत आहेत ना?"

असा माणूस. आणि त्याच माणसाच्या हातून ते झालं.

त्याला एक धाकटी बहीण. आईवडील लवकर गेले, तेव्हा ती शाळेत होती, आणि हा तिचा बापही झाला आणि आईही. लग्न त्यानंच लावून दिलं. नवरा बोलका, हसरा, सगळ्यांना हवाहवासा, पण ज्या कारखान्यात होता तो बंद पडला. वर्षभर इकडे तिकडे केलं. शेवटी बहीण आली आणि दारातच म्हणाली, "दादा, यांना तुझ्याकडे घे. घरात बसून बसून माझं डोकं खातात." मुकादमानं साहेबांच्या हातापाया पडून त्याला डेपोत लावलं. तो त्याला दाजी म्हणायचा, म्हणून बाकीचेही म्हणायला लागले. मुकादमाचे दाजी ते सगळ्या डेपोचे दाजी झाले.

दाजींच्यात खोट एकच, सिगारेट. डेपोत ओढायचे नाहीत, तेवढं पथ्य पाळायचे, पण फाटकाबाहेर गेले की पेटलीच. बहीण संध्याकाळी त्यांच्या शर्टाची कॉलर हुंगायची आणि मग जे भांडण व्हायचं ते शेजाऱ्यांना पाठ झालेलं. मुकादमही चार शब्द सुनवायचा. दाजींचं उत्तर ठरलेलं. "दादा, तुमच्या बहिणीबरोबर बारा वर्षं काढलीत मी. मला आगीची भीती घालू नका."

मग एक दिवस त्यांनी जाहीर केलं, सुटली. आजपासून बंद. कुणी विश्वास ठेवला नाही. सिगारेट सोडणं काय, दाजींनी ती वर्षातून तीनदा सोडलेली होती. पण या खेपेला दोन महिने झाले तरी बहिणीला कॉलरला वास येईना. तेव्हा ती म्हणाली, "आता शर्ट बदलून ओढत असतील."

आता चटईचं सांगायला हवं, कारण सगळं तिच्यावरच अडलंय.

टेम्पोच्या मागच्या भागात पेट्रोलचं पिंप असायचं, त्याला हातपंप. त्यातून पत्र्याचे डबे भरायचे आणि ते डबे घेऊन माणसं कामावर जायची. पूर्वी डबे खाली मातीत ठेवून भरत. एका वर्षी बागेच्या साहेबांनी तक्रार केली, की तुमच्या माणसांनी पेट्रोल सांडून हिरवळीवर करपलेले गोल पाडलेत. मुकादमाला ते फार लागलं. त्याच्या कामात कुणी डाग दाखवणं म्हणजे काय. त्यानं एका दुकानातून जाड प्लास्टिकची चटई मिळवली, मापात कापून टेम्पोत अंथरली आणि नियम केला, यापुढे डबे टेम्पोतच, चटईवर ठेवून भरायचे. घसरणार नाहीत, थेंब खाली जाणार नाही. आणि पंपाची तोटी डब्याच्या तोंडाला टेकवायची नाही, चार बोटं वर धरायची, म्हणजे तोटीचा कचरा आत पडणार नाही. सगळ्यांना पटलं. थंडोबाचं डोकंच वेगळं, असं ड्रायव्हरसुद्धा म्हणाला, आणि त्या एका वेळी थट्टा केली नाही.

ती सकाळ कडाक्याच्या थंडीची होती. हवा इतकी कोरडी की बोलताना ओठ फुटायचे. दाजींनी जॅकेट काढून शेडमधल्या खिळ्याला अडकवलं, टेम्पोत चढले आणि डबे भरायला घेतले. मुकादम नळावर मशीनच्या जाळ्या धूत होता. पाठ होती त्याची. आवाज मोठा नव्हता, कुणीतरी जड चादर झटकावी एवढाच. त्यानं वळून पाहिलं तेव्हा दाजी टेम्पोतून खाली उडी मारत होते आणि त्यांच्या छातीला आग होती.

ओली पोती टाकून मुकादमानंच ती विझवली. त्याच्या दोन्ही मनगटांवर आजही त्याचे वण आहेत. ड्रायव्हरनं वाळूच्या बादल्या ओतल्या म्हणून पिंप वाचलं. दाजी मात्र आठ दिवस दवाखान्यात होते आणि नवव्या दिवशी सकाळी गेले.

आगीच्या दुसऱ्याच दिवशी साहेब चौकशीला आले होते. शेडमधलं जॅकेट खाली काढलं, त्यात सिगारेटचं पाकीट निघालं, अर्धं भरलेलं. साहेबांनी मुकादमाला विचारलं, "ओढत होते का ते?"

मुकादम म्हणाला, "मी तर पाहिलं नाही. पण..."

एवढंच बोलला आणि थांबला. त्या "पण"च्या पुढचं साहेबांनी स्वतः लिहून घेतलं. डब्याचं तो नीट सांगू शकला असता, चटईचं सांगू शकला असता, पण ते कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्याच्याही मनात आलं नाही. आगीला कारण हवं होतं, ते पाकिटात सापडलं. दाजी गेल्यावर, मृताच्या निष्काळजीपणामुळे, असा शेरा पडला आणि फाइल बंद झाली.

फक्त एक गोष्ट झाली. जॅकेट बहिणीकडे द्यायचं म्हणून त्यानं पिशवीत भरायला घेतलं, तेव्हा आतल्या खिशात लायटर लागला. शेडमधल्या जॅकेटात, टेम्पोपासून तीस पावलांवर. तो लायटर त्यानं हातात घेतला, थोडा वेळ पाहिला आणि पुन्हा खिशात टाकला. मनात काहीतरी टोचलं. त्यानं ते झटकून टाकलं. माणूस एवढ्या दुःखात असताना खिसे कशाला तपासत बसेल, असं आपण म्हणू. पण आपण म्हणून काय उपयोग, त्याला स्वतःला तसं म्हणता आलं पाहिजे.

बहीण रडली नाही. सगळ्यांना वाटलं होतं कोसळेल, पण ती ताठ राहिली, आणि तेही रागाच्या जोरावर. दाजींचे कपडे तिनं महिन्याच्या आत वाटून टाकले. फोटो कपाटात साड्यांच्या खाली गेला. मुलीनं एकदा बाबांचा विषय काढला तर म्हणाली, "त्यांना आपल्या दोघींपेक्षा ती कांडी प्यारी होती." कपडे दुरुस्तीच्या दुकानात तिनं काम धरलं, घरीही आणायची, पँटच्या चेन बदल, बाह्या आखूड कर. चार वर्षं तिनं असं घर ओढलं. लोक म्हणायचे, बाई खंबीर आहे.

आणि मुकादम? तो आणखी काटेकोर झाला. टेम्पोतली जळलेली चटई काढून तशीच नवी अंथरली. नवी माणसं आली की त्यांना शेडमध्ये बसवून दाजींची गोष्ट सांगायचा. एक माणूस होता, माझ्याच घरचा, असं सुरू करायचा, आणि सिगारेटपाशी आला की आवाज खाली आणायचा. माणसं गप्प होऊन ऐकायची. सांगून सांगून ती गोष्ट अगदी गुळगुळीत झाली होती. कुठे अडखळायला होत नसे.

मग गेल्या हिवाळ्यात अग्निशमन दलाच्या एक बाई आल्या, सगळ्या डेपोंना शिकवायला. वय असेल तिशीचं, बोलणं मोजकं. मशीन थंड होऊ द्या, टाकीत जागा सोडा, सांडलं तर लांब जाऊन चालू करा, असं एकेक सांगत गेल्या. ड्रायव्हर प्रत्येक वाक्याला मुकादमाकडे बघून मान डोलवत होता. शेवटी त्याला राहवलं नाही. "बाई, हे सगळं आमचे मुकादम वीस वर्षं सांगतायत. वर आमच्याकडे चटई आहे. या, दाखवतो."

बाईंनी टेम्पोत चढून चटईला हात लावला. वाकून तिची कड उचलून पाहिली.

"ही आजच काढा," त्या म्हणाल्या.

ड्रायव्हरला वाटलं, फाटली असेल. बाईंनी समजावून सांगितलं. थंडीत स्वेटर काढताना चटचट ठिणग्या उडतात ना, तीच वीज वाहत्या पेट्रोलानं डब्यात साठते. डबा जमिनीवर असेल तर ती मातीत उतरून जाते. प्लास्टिकवर ठेवला तर जायला वाट नाही. मग तोटी जवळ आली की ठिणगी उडते, आणि डब्याच्या तोंडाशी तर पेट्रोलची वाफ उभीच असते. "डबा खाली जमिनीवर, तोटी डब्याच्या कडेला टेकलेली, भरणं संपेपर्यंत उचलायची नाही. अधांतरी तर मुळीच धरायची नाही. कोरड्या हवेत तर जास्तच जपायचं."

कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला असं दिसलं नाही. माणसं चहाला गेली. मुकादम टेम्पोपाशी राहिला.

"चार वर्षांपूर्वी इथे एक जण गेला ना?" बाईंनी विचारलं. "ऑफिसात फाइल पाहिली मी. सिगारेट लिहिलंय."

"हो."

"लायटर कुठे सापडला होता?"

मुकादम म्हणाला, "आठवत नाही."

तो जन्मात खोटं बोलला नव्हता असं मी म्हणणार नाही, सगळेच बोलतात. पण कामाच्या बाबतीत बोललेलं हे त्याचं पहिलं खोटं. बाईंनी पेनला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "सिगारेट सापडली की लोक पुढे शोधत नाहीत," आणि वही मिटून गेल्या.

त्यानं त्याच दुपारी चटई काढली. माणसांना सांगितलं, उद्यापासून डबे खाली मातीत, तोटी कडेला टेकवून. का, ते सांगितलं नाही. ड्रायव्हरनं दोनदा विचारलं, मग सोडून दिलं. त्या दिवसापासून मुकादमाचं अन्न तुटलं. बायको म्हणाली, डॉक्टरकडे चला. तो म्हणाला, काही नाही, पित्त आहे. पित्त कसलं, दिवसभर एकच हिशेब चाललेला. चटई मी घातली. तोटी वर धरा, मी सांगितलं. दाजी बिचारे जे करत होते ते माझ्याच शब्दाबरहुकूम करत होते, आणि त्यांच्या नावावर सिगारेट मी चढवली. एका शब्दानं चढवली. तो शब्द परत घ्यायचा तर चार वर्षं उशीर झालेला, आणि नाही घ्यायचा तर मेलेल्या माणसाच्या नावाला लागलेलं हे किटाळ तसंच राहणार.

महिन्याभरानं डेपोत तीन नवी माणसं आली. मुकादमानं त्यांना शेडमध्ये बसवलं. एक माणूस होता, माझ्याच घरचा, असं सुरू केलं. थंडीचं सांगितलं, डब्यांचं सांगितलं. पुढचा शब्द तोंडातून बाहेर येईना. तिघे त्याच्या तोंडाकडे बघत बसले. तो उठला, म्हणाला, "बाकीचं नंतर," आणि जाळ्या धुवायला नळावर गेला. त्या आधीच धुतलेल्या होत्या.

रविवारी दुपारी तो बहिणीकडे गेला. भाची मैत्रिणीकडे गेली होती. बहीण खिडकीशी बसून एका पँटची जुनी चेन उसवत होती. मांडीवर पँट, हातात बारीक कात्री, तोंडात दोन टाचण्या.

"काय रे दादा, वाळलास किती. वहिनी जेवायला घालत नाही का?" टाचण्या काढून ती म्हणाली.

तो समोरच्या स्टुलावर बसला. काय काय ठरवून आला होता, कुठून सुरू करायचं, कुठे थांबायचं. त्यातलं काही आठवलं नाही. एकदम सांगून टाकलं. चटई, तोटी, कोरडी हवा, त्या बाई, त्यांचा प्रश्न, आणि तो लायटर. लायटरचं शेवटी सांगितलं. "दाजींनी सिगारेट ओढली नव्हती. त्यांची काहीच चूक नव्हती. चूक माझी होती. तेव्हा कळलं नव्हतं, पण लायटर मी पाहिला होता, आणि बोललो नाही."

बहिणीची कात्री चालू होती. एकेक टाका उचलायची, कापायची, दोरा ओढून टाकायची.

"चटई तू घातलीस," ती म्हणाली.

"हो."

"तोटी वर धरायला तू सांगितलंस."

"हो. अगं, मला काय माहीत..."

"नाही रे, ते नाही म्हणत मी. तुला कुठून माहीत असणार." तिनं चेन पूर्ण सोडवली आणि बाजूला ठेवली. मग नवी चेन हातात घेतली, पण लावायला घेतली नाही. "तू त्यांना मारलंस असं मला कधी वाटणार नाही. तू तर हात भाजून घेतलेस. ते मी पाहिलंय."

मुकादमाला बरं वाटायला हवं होतं. तिच्या आवाजात असं काही होतं की त्याला बरं वाटलं नाही. तो म्हणाला, "मी उद्याच ऑफिसात लिहून देतो. फाइल बदलायला लावतो. डेपोत सगळ्यांसमोर सांगतो, की दाजी निर्दोष होते."

"सांग," ती म्हणाली. "सांगायलाच हवं."

ती चेन बोटांभोवती गुंडाळायला लागली. मग त्याच्याकडे न बघता बोलायला लागली.

"दवाखान्यात सात दिवस ते एकच सांगत होते. तोंड भाजलेलं, ओठ हलवायला त्रास व्हायचा, पण मी पाण्याचा कापूस लावायला वाकले की म्हणायचे, मी ओढली नाही ग. पाकीट जवळ ठेवलं होतं, मोह झाला की नुसतं हातात घ्यायचो, पण ओढली नाही. मी म्हणायची, बरं, पडून राहा. मला खोटं वाटायचं. सगळे सांगत होते, साहेब सांगत होते, आणि तूसुद्धा नाही म्हणत नव्हतास. तू तर कधी चुकत नाहीस. आठव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आता काही खरं नाही. मी त्यांच्याजवळ बसले आणि म्हटलं, आयुष्यभर या सिगारेटवरून खोटं बोललात, आता जाताना तरी बोलू नका. पुन्हा पुन्हा म्हटलं. तासभर म्हणत होते मी. शेवटी ते म्हणाले, ओढली ग. चुकलं माझं. आणि डोळे मिटून घेतले. मला काय वाटलं सांगू? मला बरं वाटलं. म्हटलं, शेवटी तरी खरं वदवून घेतलं."

मुकादमानं तिच्याकडे हात पुढे केला. तिनं तो बाजूला केला, रागानं नाही, शिवणाच्या मधे आला म्हणून बाजूला करावा तसा.

"तुझं बरं आहे दादा," ती म्हणाली. "तू ऑफिसात जाशील, डेपोत सांगशील. मी कुणाला जाऊन सांगू?"